महिलांनी चालवलेल्या मोहिमेत पुरुष कार्यकर्ते घ्यायचे तर कोणत्या कामात, कोणत्या अटींवर? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी पंधरवडा आमचा महिला गट कोल्हापुरात पाळतो. कॉलेजांत सत्रं, वस्त्यांमध्ये बैठका आणि शेवटाला रात्रीची पदयात्रा असते. मार्ग बिंदू चौक, शिवाजी चौक, मग भाऊसिंगजी रोडनं सीपीआर रुग्णालयावरून दसरा चौक. तीनशेच्या आसपास माणसं येतील असं धरून चाललोय.

यंदा पुरुषांकडून विचारणा खूप आहे. एनएसएसची मुलं, पेठेतल्या दोन तालीम मंडळांतली पोरं, काही शिक्षक, दोन वकील. गटात यावर एकमत होईना. काहीजणी म्हणतात, अत्याचार करणारे पुरुष आणि त्याविरुद्ध ओरडायचं फक्त बायकांनी, असं कुठवर चालायचं? काहीजणी म्हणतात, पुरुष आले की माइक त्यांच्याकडे जातो आणि आत्ता कुठे बोलायला लागलेल्या मुली परत गप्प होतात. मला दोन्ही पटतं, म्हणूनच विचारतेय.

बैठकांना पुरुष असावेत का? पदयात्रेत त्यांची जागा कुठे? तालमीतल्या पोरांची आधी काही तयारी करून घ्यावी का, आणि कशी? आणि आलेल्यांपैकीच एखाद्याविरुद्ध तक्रार आली तर काय करायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी तपशिलात सांगा. 'सर्वांनी मिळून लढूया' एवढंच सांगू नका, ही विनंती.

कागदपत्र:

ताई, 'पुरुष घ्यायचे का' असा एकच प्रश्न घेऊन बसलात तर बैठका संपणार नाहीत. त्याचे तीन भाग करा: निर्णय कुणाचा, काम कुठलं, आणि माहिती किती.

निर्णयाची पद्धत आपल्या गावागावांत आधीपासून आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तोच क्रम उचला. आधी फक्त महिलांची बैठक. तिथे मागण्या, घोषणा, वक्ते, पैसा, आणि कुणाला घ्यायचं-काढायचं ते ठरवा. त्यानंतर सगळ्यांची बैठक, तिच्यात फक्त कामवाटप. पहिल्या बैठकीत झालेला निर्णय दुसरीत फिरवता येणार नाही, हे इतिवृत्तात एका ओळीत लिहून ठेवा. पुरुषाला काही सुचवायचं असेल तर त्यानं कागदावर लिहून द्यावं, पुढच्या महिला बैठकीत ते वाचलं जाईल. हे कुठे फसतं तेही सांगतो. दोन्ही बैठका एकाच संध्याकाळी एकाच हॉलात ठेवल्या की पुरुष पंधरा मिनिटं आधी येतात आणि 'तुमचं चालू द्या, आम्ही नुसतं बसतो' म्हणून बसतात. त्यांना उठवणं अवघड जातं. म्हणून वार तरी वेगळा ठेवा, नाहीतर जागा.

माहितीच्या बाबतीत मात्र सैल राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार पीडितेची ओळख उघड करणं हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. नुसतं नाव छापलं तरच गुन्हा होतो असं नाही. गाव, शाळा, वडिलांचा धंदा, घराचा फोटो, ज्यातून ती कोण हे कळेल ते सगळं त्यात आलं. सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, आणि पीडिता हयात नसली तरी हाच नियम लागू आहे. आपल्याकडे एखादी घटना घडली की दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, मुलीच्या फोटोसकट. बहुतेक वेळा तो उत्साही मंडळच लावतं. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण गुन्हा होतो आणि घरच्यांचे हाल वेगळेच. कोलकात्याच्या डॉक्टर मुलीचं नाव आणि फोटो समाजमाध्यमांवरून काढायला ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता. पीडिता अठराच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ वेगळं लागतं.

त्यामुळे ज्या बायका तुमच्याकडे मदतीला येतात त्यांची कुठलीही माहिती स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये. त्या ग्रुपवर फक्त अॅडमिननी लिहावं. प्रकरणांची फाइल कागदावर, एका कुलपाच्या कपाटात, चावी दोघींकडे. वकील किंवा डॉक्टर पुरुष असेल आणि ती बाई त्याच्याशी बोलायला तयार असेल तर तेवढ्यापुरती माहिती त्याला द्या.

आणखी एक अट पुरुषांकडून आधीच कबूल करून घ्या: मिटवामिटवी करायची नाही. गावाकडे चार प्रतिष्ठित मंडळी बसून 'दोन्ही घरांचं नुकसान नको' म्हणत तोडगा काढतात, आणि मोहिमेत आलेला दादा त्याच बैठकीत बसलेला असतो. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीला किंवा मध्यस्थीला जागा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात बजावलं आहे. अशा बैठकीत जो बसेल त्याचं नाव यादीतून काढायचं, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगा.

मैदानकाम:

पदयात्रेपुरतं लिहितो.

परवानगीचा अर्ज महिलांच्या सहीनं द्या, दोघींचे फोन नंबर घालून. पोलीस अर्जावरच्या नंबरवरच फोन करतात. सही एखाद्या दादाची असेल तर मार्ग बदलायचा का, वेळ कमी करायची का, हे सगळं फोनवर तोच ठरवून टाकतो आणि तुम्हाला नंतर कळतं. अर्जात मार्ग, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, अंदाजे संख्या, वाहनं किती, ध्वनिक्षेपक आहे का, हे सगळं लिहा. किमान दहा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. त्या तारखांना जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का तेही त्याच वेळी विचारा. तो लागू असला की पाच किंवा जास्त लोक विनापरवाना जमवता येत नाहीत.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं वाजवायला बंदी आहे. तालमीची पोरं हलगी आणणारच. मग सुरुवात ८ ला करा आणि हलगी पावणेदहाला थांबवा. दसरा चौकातली सभा बिनमाइकची असेल तर लोकांना गोलात बसवा, बोलणारीला मधे उभं करा. हलगी नेहमी यात्रेच्या शेपटाला ठेवा. पुढे ठेवली की घोषणा देणाऱ्या मुलींचा आवाज बुडतो आणि दहा मिनिटांत यात्रेचा वेग हलगीवाला ठरवायला लागतो.

जागांचं म्हणाल तर पुढचे दोन भाग महिलांचे, मागचा एक भाग मिश्र. पुरुषांनी बाजूनं हाताची साखळी करून बायकांना मधे घ्यायचं नाही. हे ठासून सांगा, कारण पोरांना तेच करावंसं वाटतं आणि त्यात त्यांना अभिमानही वाटतो. पण रात्री रस्त्यावर आम्ही आमच्या हिमतीवर चालू शकतो, हे सांगायला निघालेल्या बायका कड्यात चालताना दिसल्या तर यात्रेला अर्थच उरत नाही. स्वयंसेवक पंचवीस माणसांमागे एक धरा, तीनशेला बारा. त्यातल्या आठ महिला रांगांच्या आत. चार पुरुष कडेला, वाहनांच्या बाजूला. याशिवाय शिवाजी चौक, सीपीआरचं वळण आणि दसरा चौक या तीन ठिकाणी वाहतुकीसाठी प्रत्येकी दोघे, शिट्टी आणि चकाकणारा पट्टा घालून. सीपीआरसमोर घोषणा पूर्ण बंद. तिथे आजारी माणसं झोपलेली असतात, आणि रुग्णवाहिकेसाठी डावी बाजू रिकामी लागते.

पुरुषांची खरी गरज कुठे आहे ते सांगतो. लहान पोरं असलेल्या बायका रात्री येऊ शकत नाहीत. दसरा चौकाजवळ एखादी खोली घ्या, सतरंज्या, पाणी, बिस्किटं, दोन-चार खेळ ठेवा, आणि मुलं सांभाळायचं काम पुरुषांना द्या. तिथे नियम कडक हवेत. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, कायम किमान दोन पुरुष आणि एक बाई, दार उघडं, शौचालयाला नेताना आईनं सांगितलेलीच व्यक्ती. मूल देता-घेता वहीत आईची सही. या कामाला किती पुरुष तयार होतात त्यावरून बरंच कळतं.

दुसरं काम घरी परतण्याचं. दहानंतर केएमटीच्या (शहर बससेवेच्या) गाडीची फार आशा धरू नका. कळंबा, उचगाव, पाचगाव, शिये अशी दिशेनुसार यादी आधीच करा. ओळखीच्या रिक्षा ठरवा, एका रिक्षात तिघी एका बाजूच्या. एका पुरुषानं एकटीला गाडीवर सोडायचं नाही, ओळख कितीही जुनी असली तरी. पोचल्याचा मेसेज महिला समन्वयकेला जायला हवा, सोडणाऱ्याला नको, म्हणजे तिचा नंबर चार ठिकाणी फिरत नाही.

राहिल्या घोषणा आणि आहेर. कुठल्याही मोर्चात कुणीतरी अधिकाऱ्याला द्यायला बांगड्या घेऊन येतोच, नाहीतर साडीचोळी. बाई असणं हीच नामुष्की, असं त्यातून म्हटलं जातं, आणि तेही बायकांच्या यात्रेत. 'आयाबहिणींची अब्रू', 'बांगड्या भरल्यात का' या घोषणा यादीतून आधीच काढा. 'आमच्या ताब्यात द्या', 'भर चौकात फोडा' याही काढा. घोषणांचा एक छापील कागद असू द्या. त्यावर नसलेली घोषणा कुणी दिली तर उत्तराला आवाज द्यायचा नाही, एवढं सगळ्यांना सांगून ठेवा. दोनदा साद मिळाली नाही की तो गप्प बसतो, भांडावं लागत नाही.

शिरोळची_माती:

मैदानकाम यांचं बहुतेक पटलं. पण मला त्याच्याही आधीचं बोलायचंय. पुरुष यात्रेत कुठे चालतो यापेक्षा तो वर्षभर कुठे बोलतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आपल्या जिल्ह्यात मुली पुढे आणि पुरुष मागे हे चित्र नवीन नाही. २०१६ च्या मूक मोर्चांत पुढच्या रांगेत मुली होत्या, निवेदनं त्यांनीच दिली. पण रांगेत पुढे असणं आणि बैठकीत ठरवणं या दोन गोष्टी आहेत. तुमच्या गटाला दोन्ही हवं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा सहज निसटतं. कागदपत्र यांनी महिला सभेचा क्रम सांगितला तो म्हणूनच सोडू नका.

पुरुषांनी नाव न मिरवता काय करता येतं याचं उदाहरण हवं असेल तर पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचं मथुरा प्रकरण बघा. सर्वोच्च न्यायालयानं दोन पोलिसांना सोडून दिल्यावर १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. लोतिका सरकार, वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर. त्यातले दोन पुरुष. त्यांच्या हातात जे होतं, म्हणजे कायद्याचं ज्ञान, ते त्यांनी कामाला लावलं. पुढे रस्त्यावर उतरल्या त्या महिला संघटना, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तुमच्याकडे येणाऱ्या वकिलांना आणि शिक्षकांना हेच विचारा: तुमच्या हातात काय आहे? वकिलानं महिन्यातून दोन दुपारी अर्ज लिहून द्यावेत. शिक्षकानं आपल्या शाळा-कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर बाहेरची सदस्य खरंच नेमली आहे का, नावं फलकावर लावलीत का, ते बघावं. ऑफिस, कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं ही समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बहुतेक ठिकाणी समिती फायलीत असते आणि कामगार बाईला तिचं नावही माहीत नसतं. आत काम करणाऱ्या पुरुषानं हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारला तर त्याची नोकरी बाईइतकी धोक्यात येत नाही. मग त्यानंच विचारावा.

गावपातळीवर ग्रामसभा आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं दखल घेतली. ठरावाला हात वर करणाऱ्यांत पुरुष असतातच. ठरावानंतर घरच्या कार्यात विधवा भावजयीला पुढे बसवतो का, तिथे कस लागतो. तुमच्या पुरुष कार्यकर्त्यांना गावात असंच एखादं मोजता येणारं काम द्या: एसटी थांब्यावर दिवा, शाळेच्या वाटेवरचा दारूचा अड्डा, मुलींच्या शौचालयाची कडी. ग्रामसभेत विषय मांडायचा, इतिवृत्तात आला का बघायचं, पुढच्या सभेत काय झालं ते विचारायचं.

पैशाबद्दल एकच सांगते. पुरुष देणगीदार आनंदानं घ्या, पण फ्लेक्सवर 'सौजन्य' आणि फोटो नाही. एकाचा लावला की दुसऱ्याचा लावावा लागतो आणि शेवटी मजकुराला जागा उरत नाही.

आखाडा_ते_चावडी:

तालमीच्या पोरांची तयारी हा माझा विषय, म्हणून जरा लांबट होईल.

यात्रेच्या आधी किमान सहा आठवडे सुरुवात करा. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठेतली पोरं संध्याकाळी हाताला लागत नाहीत, तेव्हा ऑक्टोबरच बरा. सहा सत्रं, आठवड्याला एक, दीड तासाचं, एका गटात पंधरा ते अठरा जण. वीसच्या वर गेलात की चौघेच बोलतात. जागा तालमीचीच घ्या, सराव संपल्यावर. मंडळाचे अध्यक्ष आणि वस्ताद यांना आधी भेटून सांगा, त्यांनी पहिल्या सत्राला यावं, दहा मिनिटं बोलावं आणि निघावं. वस्ताद बसून राहिले तर एकही पोरगं तोंड उघडत नाही. त्यांचा शब्द पोरांना लागतोही तेवढाच, म्हणून त्यांना वगळूही नका.

सत्र घेणारा पुरुष असावा आणि सोबत महिला गटातली एक असावी. तिनं शिकवायला यायचं नाही, गटाच्या वतीनं बघायला यायचं. तिला प्रवासखर्च आणि मानधन द्या. पुरुषांना समजावण्याचं काम बायकांनी फुकट करायचं, हे इथेही नको.

पहिल्या सत्रात कायदा, पण भाषण नको. प्रसंग ठेवा. मुलीनं नाही म्हटलं, नंबर ब्लॉक केला, यानं मित्राच्या फोनवरून मेसेज केला, क्लासच्या बाहेर तीन दिवस थांबला. पोरांच्या लेखी हे 'ट्राय करणं' असतं. न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये हा पाठलाग आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाचपर्यंत कैद. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा संमती धरत नाही, हेही इथेच सांगा. खोलीत शांतता पसरते, कारण प्रत्येकाला कुणीतरी आठवतं.

दुसऱ्यात 'बाहेरचा माणूस' हा समज. राष्ट्रीय गुन्हे नोंदींमध्ये बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन दिलेला, मालक. हे सत्र नीट झालं नाही तर पोरं अमक्या जातीच्या, तमक्या धर्माच्या पोरांवर नजर ठेवायची मोहीम काढतात, आणि तुमच्या बॅनरखाली भलतंच सुरू होतं. आपल्या शहरात हा धोका खरा आहे. आचारपत्रकात स्पष्ट लिहा: कुठल्याही जोडप्याला अडवायचं नाही, नाव विचारायचं नाही, मुलीच्या घरी कळवायचं नाही.

तिसऱ्यात मधे पडायचं कसं. मारामारी न करता, हे पैलवान पोरांना शिकवायला वेळ लागतो. मध्यवर्ती बसस्थानकाचा प्रसंग घ्या. फलाटावर एक माणूस मुलीला खेटून उभा आहे, ती सरकते, तो सरकतो. पोरगं मधे जाऊन तिच्याकडे बघत विचारतं, "ताई, गारगोटीची गाडी गेली का ओ?" बस्स. त्या माणसाशी एक शब्द नाही. तिला सरकायला जागा मिळते, हवं तर ती बोलते, नको तर निघून जाते. मग मागून विचारायचं, "कंट्रोलरकडे जायचंय का? ११२ ला लावू का?" ती नको म्हणाली की विषय संपला. हा प्रसंग उभं राहून, जोडीजोडीनं करून घ्या. पहिल्या फेरीत निम्मी पोरं थेट कॉलर धरतात. मग दुसऱ्याला मुलीच्या जागी उभं करा आणि विचारा, आता गर्दी कुणाकडे बघतेय? उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं.

चौथ्यात मित्राला टोकणं, आणि हे सगळ्यात अवघड. ग्रुपवर कुणी फोटो टाकला तर काय लिहायचं, ते प्रत्येकाकडून एका ओळीत लिहून घ्या. "हे काढ, मी डिलीट केलंय, पुढं पाठवणार नाही." एवढं पुरतं. लांब प्रवचन दिलं की ग्रुप त्याला बाहेर काढतो आणि आतलं काही कळायचं बंद होतं.

पाचव्यात ऐकणं. एखाद्या मुलीनं काही सांगितलं तर मुलानं 'कोण तो, नाव सांग' म्हणून उठायचं नाही. म्हणायचं, "सांगितलंस ते बरं केलंस. पुढं काय करायचं ते तू ठरव. बोलायला बाई हवी असेल तर हा नंबर." बलात्कार झाला असेल आणि कपडे बदलले असतील तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नको, ओलसरपणानं नमुने खराब होतात. एचआयव्ही रोखायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून गुन्हा नोंदवायचा की नाही यावर घरचे दोन दिवस चर्चा करत बसले तरी दवाखाना थांबवायचा नाही. सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं अशा पीडितेवर मोफत आणि तातडीनं उपचार करायचेच असतात. एक अपवाद मात्र पोरांना पक्का सांगा. सांगणारं मूल अठराच्या आतलं असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यानं लगेच समन्वयक ताईंना सांगायचं, त्या पुढचं बघतील. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

सहाव्यात कामवाटप आणि आचारपत्रकावर सही. तिसऱ्या सत्रानंतर काही गळतात, गळू द्या. ज्यानं चार सत्रंही केली नाहीत त्यानं यात्रेत यावं, पण स्वयंसेवकाचा बिल्ला त्याला नाही.

मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संस्था १९९३ पासून आणि पुण्यात इक्वल कम्युनिटी फाउंडेशन किशोरवयीन मुलांसोबत असंच गटानं काम करते. साहित्य मराठीत मागवता येईल का, विचारून बघा.

एनएसएस_कोपरा:

एक प्रामाणिक प्रश्न. सत्रात 'खोट्या केसेस' आणि 'मुलांवरही होतं की' हे दोन मुद्दे हमखास येतात. पहिला बऱ्याचदा खोडा घालायला असतो, पण दुसरा विचारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत कधीकधी वेगळंच दिसतं. दोन्हीला एकच उत्तर देऊन चालेल का?

आखाडा_ते_चावडी:

नाही चालणार. खोट्या केसेसचा मुद्दा आला की फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, सत्राच्या शेवटी दहा मिनिटं द्या, तपास आणि पुरावा न्यायालयात कसा तपासला जातो ते सांगा. मधेच वाद घेतलात तर दीड तास तिथेच जातो.

दुसऱ्या मुद्द्याला कधीही 'आज तो विषय नाही' म्हणू नका. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, अठराच्या आतल्या मुलग्याला तेच संरक्षण आहे. कॉलेजात यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांखाली मुलगाही अंतर्गत समितीकडे जाऊ शकतो. प्रौढ पुरुषासाठी मात्र कायद्यात मोठी फट पडली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेतलं कलम ३७७ गेलं आणि नव्या संहितेत त्याची जागा भरली नाही, त्यामुळे मारहाण, डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं लावावी लागतात. हे सगळं सांगा, आणि सत्र संपल्यावर अर्धा तास जागेवरच थांबा. ज्याला बोलायचंय तो चपला शोधत मागे रेंगाळतो.

पंचगंगाकाठ:

मनापासून आभार सगळ्यांचे. महिला सभा आधी, बिल्ला चार सत्रांनंतर, मुलं सांभाळायची खोली, एवढं उद्याच्या बैठकीत मांडते. तक्रारीचा प्रश्न तेवढा राहिला. समजा मंडळातला एखादा चांगला काम करणारा मुलगा आहे आणि स्वयंसेवक मुलीनं सांगितलं की तो रात्री-अपरात्री मेसेज करतो. मंडळ म्हणणार, आमच्या पोराला बदनाम करताय. यात्रा आठवड्यावर आलेली. काय करायचं?

कागदपत्र:

तक्रार कुणाकडे करायची ते आधीच ठरवून छापा. दोन महिलांचे नंबर, त्यातली एक गटाबाहेरची. दोघी एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी नकोत.

तक्रार आली की त्याच दिवशी त्या मुलाला स्वयंसेवकाच्या कामातून बाजूला करायचं. शिक्षा म्हणून नाही, आणि त्याला तसं सांगायचंही. आचारपत्रकात वाक्य घाला: 'तक्रार आल्यास चौकशी होईपर्यंत मी कामातून बाजूला राहीन आणि तक्रारदाराशी थेट किंवा मित्रांमार्फत संपर्क करणार नाही.' सही आधीच झालेली असली की यात्रेच्या आठवड्यात नव्यानं भांडावं लागत नाही. मुलीला मात्र कामातून हलवू नका. 'तू जरा दुसऱ्या टीममध्ये जा' हा सोपा मार्ग वाटतो, आणि त्यानंतर कुणीच तक्रार करत नाही.

तुमची संस्था नोंदणीकृत असेल तर २०१३ चा कायदा तुम्हालाही लागू होतो. बिनपगारी स्वयंसेविकाही त्यात 'कर्मचारी' धरली आहे. दहा माणसं असतील तर तुमची स्वतःची समिती हवी, नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी. तिला लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. समेट फक्त तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. पाठलाग किंवा स्पर्श असेल तर पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क वेगळा आहे, समितीकडे गेली म्हणून तो संपत नाही. हे तिला दोन्ही बाजूंनी समजावून सांगा आणि ठरवू द्या. तिला मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिलेला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मेसेजचे स्क्रीनशॉट तिनंच आपल्या फोनवर ठेवावेत, वरती नंबर आणि तारीख दिसेल असे. तुमच्या फोनवर मागवून घेऊ नका, ग्रुपवर तर नाहीच.

मंडळाला सांगायला महिला गटातल्या दोघी आणि सत्र घेणारा पुरुष, असं तिघांनी जावं. मुलीचं नाव सांगायचं नाही, मेसेज दाखवायचे नाहीत. 'सही केलेल्या अटीनुसार तो सध्या बाजूला आहे, निर्णय झाला की कळवू' एवढंच बोलायचं आणि उठायचं. चहाला थांबलात की कोण मुलगी, कुठली, असं सुरू होतं.

शिरोळची_माती:

मंडळानं सगळी पोरं काढून घ्यायची धमकी दिली तर घेऊ द्या. वाहतुकीच्या सहा जागा महिलाही सांभाळतील, त्यासाठी आधीच सहाजणींना शिट्टी आणि पट्टा देऊन तयार ठेवा. चौकशीत काहीही निष्पन्न झालं, तो परत येणार असो की कायमचा बाहेर जाणार असो, ते आधी तक्रार केलेल्या मुलीला भेटून सांगा. मंडळाला त्यानंतर.